उजवा जिना

दवाखान्यातल्या बाईनं चिठोऱ्यावर लिहून दिलं होतं:
मंगळवार संध्याकाळ, चर्चच्या मागचं दगडी घर,
अंगणातून आत.
आकडा सहाचा की सातचा, ते लागत नव्हतं.
जिना कुठला, ते लिहायचंच राहिलं होतं.

पहिल्या मंगळवारी फाटकापर्यंत गेले
आणि समोरच्या दुकानातून
मोहरीच्या सॉसची बरणी घेऊन परतले.
घरात आधीच दोन होत्या.
दुसऱ्या मंगळवारी पुन्हा मोहरी.
तिसऱ्याला बर्फ पडत होता, दुकान बंद होतं,
म्हणून आत गेले.

डावा जिना. वर दिवा, माणसांचा गलका.
दार ढकललं तर वीसेक जण अर्धगोलात उभे,
हातात कागद. एक उंच बाई म्हणाली,
"आलात? बरं झालं. खालच्या पट्टीला माणूस कमीच पडतंय,"
आणि माझ्याही हातात कागद कोंबला.

मला वाटलं, इथली पद्धत असेल.
आधी गायचं, मग कबूल करायचं.
पाऊण तास मी लॅटिनमध्ये गायले,
एका अक्षराचा अर्थ न कळता.
शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलून भेगाळलेली बोटं,
त्यांत कागद थरथरत होता.
त्यांना वाटलं, थंडीनं.

शेवटचा घोट कधी घेतलास, कुणी विचारलंच नाही.
आज सकाळी. व्हिनेगरच्या बाटलीतून,
जिच्यात व्हिनेगर कधीच नव्हतं.
हे सांगायची मनाची तयारी करून आले होते मी
आणि इथे सगळे नाताळच्या तयारीत.

कोट चढवायची गडबड सुरू झाली तेव्हा
ऑर्गन वाजवणारे झेनॉन जवळ आले.
माझ्या बुटांकडे बघत हळूच म्हणाले,
"तुम्ही उजव्या जिन्याच्या का?"

तोंडानं काही बोलले नसेन.
"चला," ते म्हणाले, "सातला असतं. मीही तिकडचाच.
सतरा वर्षं झाली. या लोकांना वाटतं,
मला घरी जायची घाई असते."

उजवा जिना खाली उतरतो, तळघरात.
एक मेणबत्ती, काचेच्या पेल्यांतला चहा,
बशीत आल्याची बिस्किटं, त्यातली निम्मी तुटलेली.
सात पुरुष, बहुतेक वाऊबझिखच्या खाणींतले.
खाणी बंद होऊन तीस वर्षं झाली,
खोकला अजून पाळीवर जातो.
आणि एक पोरगी.
हिला मी सूप वाढलंय, चौथीत होती तेव्हा,
गाजर बाजूला काढायची.
तिनं मला ओळखलं. मी तिला.
खुर्चीवरची पिशवी उचलून तिनं मांडीवर घेतली.
मी बसले.

पाळी आली. नाव सांगितलं: लुत्सिना.
पुढचा एकच शब्द होता, तो घशात आडवा.
बाहेर पडलं ते भलतंच:
"माझ्या घरी मोहरीच्या चार बरण्या आहेत."

कुणी हसलं नाही. मेणबत्ती तडतडली.
मग कोपऱ्यातला एक खाणवाला म्हणाला,
"माझ्या वेळी तिथं लोखंडाचं दुकान होतं.
माझ्याकडे खिळे आहेत. सहा किलो."

तेव्हा मात्र सगळे हसले, मीही,
आणि त्या हसण्याच्या पाठोपाठ
तो शब्द आला बाहेर, ओला, लहानसा.
कुणी दचकलं नाही.

घरी येऊन बाटली मोरीत ओतली, असं म्हणाले तर खोटं होईल.
ती होती तिथेच होती. पुढच्या मंगळवारीही.
मी फक्त तिच्यापुढे चारही बरण्या रचल्या,
काढायला वेळ लागावा म्हणून.

तेवढ्यात फोन लावता येतो.
नंबर त्या लॅटिन कागदाच्या पाठीवर आहे.
रात्री दोनला झेनॉननी उचलला, विचारलं काहीच नाही.
"खालची पट्टी," म्हणाले. "पहिली ओळ. गुणगुणा."

दोन बरण्या काढून झाल्या होत्या.
तिसरी हातात होती.
मी गुणगुणले.